पिकअपच्या हौद्यात घर बसवायचं तर आधी काट्यावर जा

भारतातून कुणी पाहुणा आला आणि आमच्या ड्राइव्हवेतली गाडी त्याने आतून-बाहेरून बघितली, की पहिला प्रश्न ठरलेला : "आणि संडासाचं काय?" सांगतो, पण जरा थांबा. जो प्रश्न कुणीच विचारत नाही तो आधी घेऊ : तुमच्या ट्रकला झेपतं किती?

आम्ही कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोत राहतो. फोर्ड एफ-१५० या पिकअप ट्रकच्या साडेसहा फुटी हौद्यात बसवलेला पॉप-अप कॅम्पर आमच्याकडे २०१९ पासून आहे. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी : ही ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची एक पेटी. रस्त्यावर असताना तिचं छत खाली बसलेलं असतं. मुक्कामाला पोचलं की छत दोनेक फूट वर उचलायचं, मग मधली भिंत उलगडते आणि ती कापडाची असते. आत सरळ उभं राहता येतं, झोपायची जागा केबिनच्या डोक्यावर. बंद असताना आमच्या गाडीची उंची सात फूट दहा इंच भरते. हा आकडा मी डॅशबोर्डवर चिकटवून ठेवलाय, कारण मॉलच्या पार्किंगपुढचा लोखंडी दांडा आपल्या आठवणीवर विसंबून नसतो.

कॅम्पर एका छोट्या वर्कशॉपमधून बांधून घेतला. मी मूळचा कराडचा. ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्यांच्या शेडसमोर लहानपण गेलं, त्यामुळे 'बांधून घेणे' म्हटलं की मला पत्रा, रिव्हेट आणि चहाच आठवतो. तयार कॅम्परपेक्षा बांधून घेतलेला स्वस्त पडेल अशी आशा मात्र ठेवू नका. त्याचा फायदा एवढाच की काय नको ते सांगता येतं, आणि तो फायदा फार मोठा आहे. कसा, ते काट्यावर कळतं.

स्टिकर, मग काटा

ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर टायरमधल्या हवेचं एक स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नका, असं त्यावर छापलेलं असतं. तोच तुमचा आकडा. माहितीपत्रकातला आकडा त्या मॉडेलच्या सगळ्यात हलक्या गाडीचा असतो. सनरूफ, चार दारं, फोर-व्हील ड्राइव्ह असं एकेक चढत गेलं की तो शेकड्यांनी उतरतो. आणि सेल्समन तुम्हाला 'ही दहा हजार पौंड ओढते' असं सांगेल. ओढेलही. पण ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. बैल गाडीत टनभर ऊस ओढतो, तो त्याच्या पाठीवर ठेवून बघा.

आमच्या ट्रकवर १,७८० पौंड छापलेत, म्हणजे सुमारे ८०७ किलो. मला वाटलं, मुबलक झालं. मग एका रविवारी बायकोने वही काढली. पूर्ण सजवलेला कॅम्पर, म्हणजे ओटा, बेसिन, पाण्याचा हीटर, कपाटं धरून १,१५० पौंड. आम्ही दोघं मिळून २९० (हा आकडा तिने लिहिला, मी वाद घातला नाही). वीस गॅलन पाणी १६७. गॅसची टाकी भरलेली २३. बॅटरी २६, सोलर पॅनल २०, फ्रिज ४५. धान्य, भांडी, खाणं ८०. अंथरूण-पांघरूण आणि कपडे ६०. खुर्च्या, हत्यारं, फावडं, चिखलातून निघायच्या पट्ट्या ९०. बेरीज १,९५१. गाडी अजून घराबाहेर पडली नव्हती आणि आम्ही १७१ पौंडांनी वर होतो.

या बेरजेत लोक दोन गोष्टी विसरतात. एक, स्वतःला. दुसरी, पाणी. वीस गॅलन हा आकडा डोळ्यांना बारीक दिसतो, पण ते ७६ लिटर होतात, म्हणजे ७६ किलो. एक धडधाकट माणूस विनातिकीट बसवल्यासारखं.

मग आम्ही कापाकापी केली. वर्कशॉपवाल्याला म्हटलं, नुसतं कवच दे. सांगाडा, छत, पलंग, एका बाजूचा बाक, उबेसाठी गॅसची भट्टी, पंखा, खिडक्या. बाकी काही नको. त्याला ते फारसं आवडलं नाही, पण वजन ८७० वर आलं. पाण्याची टाकी काढून सहा-सहा गॅलनचे दोन कॅन घेतले, म्हणजे १०० पौंड. वहीत आता १,६०४ पौंड भरत होते.

वहीवर थांबू नका. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात, तिथे अठरा चाकी गाड्यांच्या रांगेत उभं राहून आपलं पिल्लू तोलून घ्या. पाणी, गॅस, डिझेल-पेट्रोल, माणसं, डबे सगळं भरून जायचं. पुढची चाकं एका पाट्यावर, मागची दुसऱ्या पाट्यावर. खांबावरचं बटण दाबून आतल्या बाईंशी बोलायचं. दोन्ही आसांची वजनं लिहिलेला कागद मिळतो. आमच्या हिशेबाने पूर्ण गाडी ६,८७४ पौंड व्हायला हवी होती. काटा म्हणाला ६,९४०. गाडीची कमाल मर्यादा ७,०५०. ते वरचे ६६ पौंड कुठून आले हे मी आठवडाभर शोधत होतो. तीस पौंडांची एक ओतीव लोखंडी कढई बाकाखाली सापडली, तीही शेंगदाणे भाजायला घेतलेली. बाकीचे छत्तीस अजून सापडलेले नाहीत.

एकूण वजनाइतकंच ते कुठे बसतं हे महत्त्वाचं. माझे मामा ऊस भरताना मागून गाडीकडे बघायचे आणि म्हणायचे, "उलाळ होतीय, मोळ्या पुढं घ्या." भार मागे गेला की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या मानेवरचा दाब सुटतो. पिकअपचं तंतोतंत तेच. भार मागच्या आसाच्या मागे गेला की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग पोकळ लागतं आणि उतारावर ब्रेक मारताना पोटात गोळा येतो. बांधणाऱ्याकडून कॅम्परच्या बाजूवर गुरुत्वमध्याची खूण मागून घ्या आणि ती मागच्या आसाच्या पुढेच पडते ना ते टेप लावून बघा. पाणी आणि बॅटरी केबिनच्या बाजूला. मागच्या दारापाशी फक्त चपला.

मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना मदत म्हणून हवेच्या पिशव्या बसवता येतात, आम्हीही बसवल्यात. गाडी सपाट उभी राहते, वळणावर डुलत नाही. पण दारावरचा १,७८० चा आकडा त्यांनी एका पौंडानेही वाढत नाही. आस, ब्रेक आणि चाकं तीच राहतात. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण मला दोघांनी अगदी छातीठोकपणे उलटं सांगितलं होतं. टायर मात्र बदला : गाडीबरोबर आलेले मऊ टायर काढून ई लोड रेंजचे, म्हणजे जास्त भार पेलणारे घाला.

हौद्यात बसवताना

हौद्यात प्लॅस्टिकचं अस्तर असेल तर ते काढून टाका. त्यावर पेटी साबणासारखी सरकते. त्याऐवजी जाड रबरी मॅट. फाळका काढून गॅरेजमध्ये ठेवायचा, तेवढंच वजन कमी. चार कोपऱ्यांत चार टर्नबकल (फिरवून ताण देणारे हूकवाले स्क्रू) लावून कॅम्पर हौद्याला आवळला जातो. एफ-१५० ची बॉडी २०१५ पासून ॲल्युमिनियमची आहे, म्हणून नुसत्या पत्र्याला भोक पाडून हूक अडकवू नका. खाली जाड पट्टी द्या, किंवा सरळ चासीपर्यंत जाणारे कंस बसवून घ्या.

टर्नबकल हाताने घट्ट झाला की पान्याने आणखी थोडा, बस. जोर दाखवलात तर हौदाच वाकतो. मात्र त्यावर उलटा नट आवळायला विसरू नका. मी विसरलो होतो. डेथ व्हॅलीत युबिहीबी क्रेटरपासून रेसट्रॅककडे जाणारा २७ मैलांचा रस्ता आहे. वाळलेल्या तळ्यावर दगड आपोआप सरकल्याच्या रेघा जिथे दिसतात, तोच. तो रस्ता म्हणजे पन्हाळी पत्रा अंथरलेला. दहा मैलांनंतर मागून ठक्... ठक् असा आवाज यायला लागला. मी म्हटलं, कुकर असेल. बायको म्हणाली, कुकर मी टॉवेलमध्ये गुंडाळलाय. वीसेक मैलांवर टीकेटल जंक्शन लागतं. तिथल्या पाटीवर येणारेजाणारे चहाच्या किटल्या टांगून जातात. तिथे उतरून बघितलं, तर मागचा डावा टर्नबकल थरथरून पूर्ण सुटलेला, हूक हौद्यात पडलेला आणि पेटी दोन इंच सरकून हौद्याच्या कडेला टेकलेली. तो पोचा आजही आहे. त्या शेकडो किटल्यांखाली उताणं पडून मी हूक बसवला, नट आवळला, आणि पुढचे सात मैल ताशी दहाच्या वेगाने गेलो. तेव्हापासून नियम : निघाल्यावर पन्नास मैलांनी एकदा हात लावून बघायचं, आणि कच्च्या रस्त्याला लागताना व सोडताना पुन्हा.

त्याच प्रवासात दुसरा धडा मिळाला. आतली प्रत्येक कप्प्याची कडी आपणहून उघडणार नाही अशी हवी. लोहचुंबकाची कडी शहरात चालते. आमचा मसाल्याचा डबा मोजून त्यासाठी खास नऊ इंचाचा खण करून घेतला होता, मोठ्या कौतुकाने. खण उघडला, डबा पडला, हळद उडाली. कापडी भिंतीच्या शिवणीत ती अजून आहे; सकाळचं ऊन आलं की दिसते.

छत वर, छत खाली

हे वाचायला सोपं आहे आणि चुकायलाही. बाहेरचे सहा खटके आधी सगळे उघडायचे. पाच उघडून आतून जोर लावला तर सहावा खटका छताची कड वाकवतो. मग आत जाऊन छतावरच्या पंख्याचं झाकण उघडायचं. झाकण बंद ठेवून छत उचललं तर आत हवा यायला वाट नसते, कापड आत ओढलं जातं आणि छत दुप्पट जड लागतं. आधी मागची फळी खांद्याने वर, मग पलंगावर गुडघे टेकून पुढची. छताला वर ढकलणारे, गॅस भरलेले दांडे मदत करतात, पण छतावर सोलर पॅनल लावलंत तर तो भार दर वेळी तुमच्याच खांद्यावर येतो. बांधून घेताना तिथे जास्त ताकदीचे दांडे मागून घ्या. बायकोला एकटीने छत उचलता येतंय ना, हे वर्कशॉपमध्येच बघा. पैसे देण्याआधी.

उतरवताना क्रम उलटा, आणि खिडकी किंवा दार उघडं, म्हणजे हवा बाहेर जाईल. कापड फुगून बाहेर आलं आणि खटक्यात सापडलं तर पहिल्याच दिवशी भोक. म्हणून भिंतीभोवती आतून इलॅस्टिकची दोरी असते, ती कापड आत ओढून घेते. तरीही गाडीभोवती एक फेरी मारायची आणि फटीतून डोकावणारं कापड बोटांनी आत सारायचं. नऊवारीचा काष्टा नीट बसला का ते बघतात तसं. छतावर बर्फ पडला असेल तर आधी झाडून काढा, मग उचला. ओला बर्फ किती जड असतो हे खांद्याला कळण्याआधी दांड्यांना कळू नये.

ओल

वजन काट्यावर दिसतं. ओल दिसत नाही, आणि हे कॅम्पर मारते ती ओलच.

दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात. बाहेर शून्याखाली, आत पंधरा अंश, मध्ये कापडाचा एक पदर. पहाटे भिंतीला हात लावला तर पावसाळ्यात कोकणातल्या घराला लावल्यासारखा. त्यात आपला स्वयंपाक. एक पौंड प्रोपेन जळला की १.६ पौंड पाण्याची वाफ तयार होते, रसायनशास्त्रच तसं आहे. म्हणजे शेगडीवर आत चहा ठेवलात तर पातेल्यातली वाफ वेगळी आणि ज्योतीतली वेगळी. भट्टीचं तसं नाही. तिचा धूर आणि वाफ नळीने बाहेर जाते, आत येते ती कोरडी ऊब. म्हणून वजनाच्या कापाकापीतही भट्टी ठेवलीच.

उपाय साधे आहेत, फक्त रोज करावे लागतात. थंडीतही पंख्याचं झाकण दोन बोटं उघडं आणि विरुद्ध बाजूची खिडकी तेवढीच. थंडी वाजते म्हणून दोन्ही बंद केलीत तर सकाळी उशी ओली. गादीखाली हवा खेळेल अशी जाळीदार मॅट घाला. आम्ही पहिल्या वर्षी घातली नव्हती आणि मार्चमध्ये गादी उलटली तेव्हा खाली काळ्या ठिपक्यांची रांगोळी होती. आणि सगळ्यात महत्त्वाचं : घरी आल्यावर कितीही दमला असाल, दुसऱ्या दिवशी ड्राइव्हवेत छत वर करून, खिडक्या उघडून दिवसभर वाळवा. पावसात बंद केलेला कॅम्पर आठवडाभर तसाच राहिला तर पुढचा महिना बुरशी घासण्यात जातो. घासायला साधा साबण आणि मऊ ब्रश. तीव्र ब्लीचने धागे आणि शिवण कमकुवत होते.

फोडणी आत करायची नाही. हा बायकोचा कायदा आहे आणि मला मान्य आहे. मोहरी-हिंगाचा वास कापडात मुरतो, आणि मग वाळवंटात पहाटे दोनला पांघरुणात भडंगाची स्वप्नं पडतात. बाहेर घडीचं टेबल, त्यावर दोन बर्नरची शेगडी, वाऱ्याकडे पाठ.

छपराच्या सांध्यांवर आणि पंख्याच्या कडेला लावलेला सीलंट दर ऑक्टोबरमध्ये, इथल्या पावसाआधी, शिडीवर चढून बघतो. चीर दिसली की तोच छपराचा सीलंट वर ओततो. बाथरूमचं सिलिकॉन घाईघाईने लावू नका. त्यावर पुढे दुसरं काहीच चिकटत नाही आणि ते खरवडायला एक अख्खी सुट्टी जाते. खिडक्यांच्या चेनना मेणबत्ती चोळा.

गॅस आणि वीज, थोडक्यात

गॅसची टाकी बाहेर हवा जाणाऱ्या बंद खणात हवी, त्या खणाचं तोंड कॅम्परच्या आत नको. प्रोपेन हवेपेक्षा जड, तो खाली साठतो, म्हणून त्याचा अलार्म जमिनीजवळ लागतो. अलार्मवर मुदतीची तारीख असते ती वाचा. दिवा हिरवा आहे म्हणजे आतला सेन्सर जिवंत आहे असं नाही. शेगडी पेटवून ऊब घेत झोपणं हा वेडेपणा आहे. घरी सिलिंडरचा वास आला की आई खिडक्या उघडायची आणि विजेच्या बटणाला हात लावू द्यायची नाही. तेच इथे, फक्त खोली सहा फुटांची.

छोटे ब्यूटेनचे डबे घेऊन डोंगरात जाऊ नका. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत होत राहतं. व्हाइट माउंटन्समध्ये ग्रँडव्ह्यू कॅम्पग्राउंडला, साडेआठ हजार फुटांवर, ऑक्टोबरच्या एका सकाळी मी ब्यूटेनचा डबा काखेत धरून अर्धा तास बसलो होतो. चहा शेवटी कोमट मिळाला. त्या उंचीवर पाणीही ९१-९२ अंशांनाच उकळतं, नुसत्या पातेल्यात तूरडाळ शिजत नाही. म्हणून आमच्याकडे ओटा नाही, बेसिन नाही, पण तीन लिटरचा कुकर आहे. आणि हो, तिथे पाण्याची सोय नाही, खालूनच भरून न्यायचं.

विजेचं आमचं गणित लहान आहे. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, छतावर १६० वॉटचं पॅनल, आणि गाडी चालताना इंजिनाकडून चार्ज घेणारा डीसी-डीसी चार्जर. फ्रिज दिवसाला ४० अँपिअर-अवरच्या आसपास खातो. उन्हाळ्यात पॅनल पुरतं. डिसेंबरमध्ये सूर्य कलतो, सपाट पॅनलला तिरपं ऊन लागतं, तेव्हा दोन दिवसांनी गाडी फिरवावी लागते. लिथियम फॉस्फेटची बॅटरी शून्याखाली चार्ज करू नये, ती खराब होते. म्हणून ती बाकाखाली, उबेत. यापेक्षा खोलात जायचं असेल तर खुशाल जा. मी फ्रिज बंद पडला की डब्यात बर्फ घालतो.

मुक्काम, वारा, अस्वल

आमचा नेहमीचा रस्ता म्हणजे हायवे ३९५. सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पूर्व अंगाने जातो : मोनो लेक, बिशप, लोन पाइन. ओवेन्स व्हॅलीत दुपारनंतर वारा सुटतो. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून उभी करा, बाजू दिलीत तर कापडाचं शीड होतं. लोन पाइनजवळच्या अलाबामा हिल्समध्ये एकदा मध्यरात्री भिंती इतक्या फडफडल्या की लेकीला वाटलं कुणी बाहेरून बडवतंय. दोन वाजता छत उतरवलं आणि तिघं पेटीत डबीतल्या काड्यांसारखे आडवे झालो. छत उतरवायला लाजू नका. त्यासाठीच ते उतरतं.

सरकारी मोकळ्या जमिनीवर, म्हणजे बीएलएम या केंद्र सरकारच्या जमीन खात्याच्या, फुकट राहता येतं, सहसा २८ दिवसांत १४ दिवस. अलाबामा हिल्सला मात्र आता परवाना घेऊन ठरलेल्या जागीच. कॅलिफोर्नियात अशा जमिनीवर नुसती गॅसची शेगडी पेटवायची तरी कॅम्पफायर परमिट लागतं. ऑनलाइन फुकट मिळतं, काढून फोनमध्ये ठेवा.

अस्वलांच्या बाबतीत पॉप-अप म्हणजे तंबूच. कॅलिफोर्नियात उरलीत ती काळी अस्वलं. ग्रिझली राज्याच्या झेंड्यावर तेवढं आहे. पण काळ्या अस्वलालाही कापडाची भिंत ही भिंत वाटत नाही. योसेमिटीत खाणं, कचरा, टूथपेस्टसुद्धा लोखंडी पेटीत ठेवायचं, कॅम्परमध्ये नाही. यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजच्या कॅम्पग्राउंडवर कडक भिंतींच्याच गाड्या घेतात, तिथे आपल्याला प्रवेश नाही. बुकिंगच्या आधी वाचा.

विमा उतरवणाऱ्याला विचारा. बऱ्याच पॉलिसी फक्त ट्रकच्या असतात, हौद्यातली पेटी वेगळी नोंदवावी लागते. पुण्याचा भाचा विचारतो, इसुझूच्या व्ही-क्रॉस पिकअपवर असं बसवता येईल का. त्याला म्हटलं, आधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाच, मग आरटीओत जाऊन विचार, मग वेल्डरकडे जा. तो आधी वेल्डरकडे जाऊन आला.

आता संडास. बाकाखाली एक डबा आहे, त्यात पावडर असलेली पिशवी लावायची, वापरायची, घट्ट बांधायची आणि गावातल्या कचरापेटीत टाकायची. रात्री आणि पावसात तेवढाच वापर. एरवी कॅम्पग्राउंडवर सोय असते, नसेल तर फावडं घेऊन पाण्यापासून २०० फूट लांब जायचं आणि सहा इंच खणायचं. मामांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तिकडं जाऊन फरक काय पडला?"

निघताना काय बघायचं हे दाराच्या आतल्या बाजूला बायकोच्या अक्षरात लिहिलंय. गॅस बंद. पंख्याचं झाकण. कापड. खटके ६. खाली 'पायरी' असं निळ्याऐवजी लाल शाईत आहे. दाराबाहेर ठेवायची घडीची पायरी आम्ही एकदा लोन पाइनजवळ जमिनीवरच विसरून निघालो आणि बिग पाइनला, चाळीसेक मैलांवर, पेट्रोल भरताना लेक म्हणाली, "बाबा, पायरी?" परत गेलो. पायरी तिथेच होती, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कुणीतरी तिच्यावर एक मोठा दगड ठेवला होता.